गायधनींचं परदेशी पोळीयंत्र

आधी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. बाळाजीराव गायधनी फसले नाहीत. "गायधनीकाका ऑनलाइन फसले म्हणे" असं म्हणत कॉलनीत जे कोणी मिटक्या मारतंय, त्याने खुशाल माराव्यात. पण फसतो तो माणूस, जो न बघता घेतो. बाळाजीरावांनी उभ्या आयुष्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोरा सोडून, आतल्या काड्या बघून, परत बांधून घेतलेली आहे. गंगापूर रोडला ते लांबून येताना दिसले की भाजीवाल्या आपापल्या जुड्या पोत्याखाली सारतात. असा माणूस फसत नसतो. असा माणूस फार तर अन्यायाला बळी पडतो, आणि तसा तो पडला.

त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या छाननी शाखेत गेली. लोकांचे अर्ज तपासायचे, त्रुटी काढायच्या आणि "पूर्तता करून फेरसादर करावा" असा शेरा मारून परत पाठवायचे. हे काम त्यांनी इतकं मन लावून केलं, की निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या टेबलावर एकही अर्ज शिल्लक नव्हता. सगळे परत गेलेले होते. पुढे घरी बसल्यावर छाननीला अर्ज मिळेनात, तेव्हा त्यांनी पोळ्या घेतल्या.

आणि भानगड पोळ्यांचीच झाली. सुमेधाबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, मागे जाईना, केस विंचरताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, शेक सांगितला आणि बजावलं, की खांदा मोकळा होईपर्यंत लाटणं हातात धरायचं नाही. आता यात अवघड काय आहे, असं कुणी म्हणेल. पोळ्यांना बाई ठेवायची. ठेवली की! एक नाही, ओळीने ठेवल्या. पहिलीच्या पोळीला पदर सुटत नव्हते. दुसरीची पोळी कडेला जाड आणि मध्ये पातळ. हे सगळं बाळाजीराव ताटावर बसून, पोळी उजेडाकडे धरून, त्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. शेवटची नवसाबाई मखमलाबादहून यायची, हाताने स्वच्छ आणि तोंडाने फटकळ. तिने आठवडाभर ऐकून घेतलं आणि एक दिवस परात उलटी घालून ठेवली.

"साहेब, मी पोळ्या लाटायला येती, परीक्षेला बसायला नाय. लय झालं. ताई, खांद्याला जपा," असं म्हणून ती गेली, ती गेलीच.

त्यानंतर एका सकाळी बाळाजीराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पोळपाट, त्यावर अर्धी लाटलेली पोळी, आणि सुमेधाबाई डाव्या हाताने उजवा खांदा दाबून, कपाळ फ्रिजला टेकवून, डोळे मिटून उभ्या. पावलांचा आवाज आला तशा त्या झटकन सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

बाळाजीराव पाणी प्यायचं विसरले. आपल्या जिभेपायी ही बाई अशी उभी आहे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण जीभ आवरणं हा मार्ग त्यांना सुचला नाही. त्यांना मोठा मार्ग सुचला.

"सुमेधा, आजपासून तू लाटण्याला हात लावायचा नाहीस. पोळ्यांची व्यवस्था माझी. शब्द देतो."

"बघू," सुमेधाबाई म्हणाल्या.

हे "बघू" ऐकायला साधं वाटतं. पण घराला रंग काढायचा होता तेव्हा, गॅलरीत जाळी बसवायची होती तेव्हा आणि दक्षिण भारत बघायचा होता तेव्हाही सुमेधाबाई असंच "बघू" म्हणाल्या होत्या. आणि यातलं काही झालेलं नव्हतं. बाळाजीरावांना ते फार लागलं. या वेळी शब्द पाळायचाच, असं त्यांनी ठरवलं.

वरच्या मजल्यावर रविराज राहतो. कॉम्प्युटरमधला मुलगा, घरी बसून नोकरी करतो आणि त्याच्या दारात रोज एक खोकं येऊन पडतं. त्याने बाळाजीरावांना मोबाइलवर एक चलचित्र दाखवलं. एक यंत्र. एका बाजूने कणीक घालायची, दुसऱ्या बाजूने पाणी, बटण दाबायचं, की तिसऱ्या बाजूने भाजलेली, फुगलेली पोळी बाहेर. यंत्र हॉलंडचं. हॉलंडच्या लोकांना पोळीशी काय कर्तव्य, हा प्रश्न बाळाजीरावांना पडला, पण पोळी गोल होती आणि यंत्राला उलटून बोलता येत नव्हतं.

"पण काका, परदेशी मामला आहे," रविराज म्हणाला. "विकणारा खरा आहे का, वॉरंटी इथे चालते का, सगळं आधी बघावं लागेल."

"बघावं लागेल" हे शब्द ऐकले आणि बाळाजीरावांच्या अंगात वीज खेळली. त्यांनी कपाटातून लाल पेन काढलं. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच बाहेर येत होतं.

मग सुरू झाली ती चौकशी म्हणजे पोटच्या पोरीसाठी स्थळ बघावं तशी. पहिली वेबसाइट फार देखणी होती. यंत्र निम्म्या किमतीत, वॉरंटी आजीवन, आणि खाली शेकडो समाधानी गिऱ्हाइकांचे अभिप्राय. बाळाजीरावांनी ते अभिप्राय एकेक करून वाचले. नॉर्वेच्या बाईने लिहिलं होतं, "माझी सासू फारच खूश झाली." ब्राझीलच्या गृहस्थाचीही सासू तेवढ्याच शब्दांत खूश झाली होती.

"रविराज, पंचनाम्यात सगळ्या साक्षीदारांचे शब्द सारखे आले, की समजावं पंचनामा घरी बसून लिहिलाय," बाळाजीराव म्हणाले. "आणि हे आजीवन कुणाचं? माझं, का त्या यंत्राचं, का कंपनीचं? कंपनी उद्या मेली तर? कुठेच खुलासा नाही. त्रुटी!"

एवढ्यावर थांबतील तर ते गायधनी कसले? वेबसाइटवर पत्ता होता, आणि बाळाजीरावांची पुतणी सायली हॉलंडमध्ये शिकते. तिला फोन गेला. "सहज जाऊन ये गं, जवळच असेल." तिच्या कॉलेजपासून ते गाव रेल्वेने दोन तासांवर होतं. बिचारी सुट्टीच्या दिवशी थंडीत कुडकुडत गेली आणि त्या पत्त्यावरून तिने व्हिडिओ कॉल लावला. तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं. आत एका पांढऱ्या कुत्र्याची आंघोळ चालू होती. दुकानाच्या मालकिणीला पोळीयंत्राबद्दल काही माहिती नव्हती, पण रोज कुणी ना कुणी असंच विचारायला येतं, असं ती सायलीला वैतागून म्हणाली.

त्या दिवशी बाळाजीराव कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर छाती पुढे काढून चालले. नाशकात बसून हॉलंडमधला लबाड पकडला, ही काय साधी गोष्ट? त्यांनी ती ट्रॅकवरच्या सगळ्या मंडळींना सांगितली आणि सगळ्या मंडळींनी त्यांना सल्ला दिला. एक म्हणाला, कार्डाने पैसे भरा, म्हणजे उद्या तंटा झाला तर बँकेला मध्ये घेता येतं. हा एकच सल्ला कामाचा निघाला. दुसरा म्हणाला, माझ्या मेव्हण्याने फोन मागवला तर साबणाची वडी आली, तुमच्या खोक्यात काय येईल कोण जाणे. तिसरा म्हणाला, कशाला एवढा खटाटोप करता, घोटीचा तांदूळ आणा आणि दोन्ही वेळा भात खा. बाळाजीरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचे दोन फेरे उलट्या दिशेने चालला.

दुसरी कंपनी मात्र बावनकशी निघाली. पत्ता खरा, इमारत खरी, दारावर पाटी खरी. सायलीला तिथेही पिटाळलं, तर आतल्या बाईने तिला कॉफी पाजली आणि यंत्र चालू करून दाखवलं. वॉरंटी पाच वर्षांची, जगभर. "जगभर म्हणजे नाशिक धरून का, ते लेखी विचारा," रविराज म्हणाला. लेखी विचारलं. नाशिक धरून, असं लेखी उत्तर आलं. सुटा भाग लागला तर पाठवायचा खर्च कुणाचा? कंपनीचा. बिघाड कसा दाखवायचा? व्हिडिओ काढून. एकच मोठी अट होती : खोक्याचं सील फोडल्यापासून यंत्र पहिल्यांदा चालू करेपर्यंतचा सलग व्हिडिओ हवा, मध्ये कुठेही न तोडलेला.

बाळाजीरावांनी वॉरंटीच्या अटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आणल्या. कशाकशाला भरपाई मिळणार नाही, ती कलमं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. आगीने झालेलं नुकसान, द्रव पदार्थाने झालेलं, रसायनाने झालेलं, आघाताने झालेलं, आणि माणसांच्या घरगुती जेवणाखेरीज दुसऱ्या कशाला यंत्र वापरलं तर.

"रास्त आहे," ते लाल पेनाने बरोबरची खूण करत म्हणाले. "यंत्रावर पाणी ओतायचं, त्याला जाळायचं, आपटायचं, आणि वर भरपाई मागायची! असल्या लोकांना मीसुद्धा दारात उभं केलं नसतं."

खोकं मुंबईच्या कस्टममध्ये अडकलं. ओळखीचा पुरावा द्या, वस्तूचा उपयोग लिहा, कशासाठी मागवली ते सांगा. रविराज हादरला, बाळाजीरावांचा चेहरा मात्र उजळला. "याला म्हणतात कचेरी! प्रश्न विचारतायत बघ कसे," असं म्हणत त्यांनी अनुक्रमणिकेसह उत्तर पाठवलं. त्यावर एक शंका आली, ती त्यांनी इतक्या प्रेमाने निरसली, की पुढच्याच आठवड्यात खोकं सुटलं आणि नेमकं खंडेनवमीच्या सकाळी गायधनींच्या दारात आलं.

आता खंडेनवमी म्हणजे हत्यारांच्या पूजेचा दिवस. त्या दिवशी रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, शिंपी मशिनला घालतो, रविराज लॅपटॉपला घालतो. आणि नवी वस्तू तर एरवीसुद्धा पूजा केल्याशिवाय कोण वापरतं? कुकर आणला तरी त्याला कुंकवाचं बोट लागतं. त्यामुळे पुढे जे झालं, त्यात खोलीतल्या एकाही माणसाला काही वावगं वाटलं नाही. याचा विचार टीका करणाऱ्यांनी जरूर करावा.

रविराजने मोबाइल स्टँडवर लावला. सील दाखवलं, सील फोडलं, यंत्र बाहेर काढून ओट्यावर ठेवलं. सगळं सलग, अटीप्रमाणे. एवढ्यात सुमेधाबाई रेशमी साडी नेसून तबक घेऊन आल्या.

"काकू, आधी एकदा चालू करून बघूया का?" रविराजने विचारलं.

"न पूजता? नवी सून घरात पाऊल टाकते न टाकते, तोच तिला भांड्यांना बसवतो का आपण?"

हे बिनतोड होतं. सुमेधाबाईंनी डाव्या हाताने यंत्राच्या तोंडावर ओल्या कुंकवाचा "श्री" काढला. वरून हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, मुठीला झेंडूचा हार घातला. निरांजनाने ओवाळलं. तिघांनी टाळ्या वाजवून आरती म्हटली. मग बाळाजीरावांनी खाली बसून पाट्यावरच्या वरवंट्याने नारळ फोडला. नारळ जरा हट्टी होता, तेव्हा जोर करावा लागला आणि पाणी उडालं. ते थोडं यंत्रावर पडलं. "शुभच आहे," सुमेधाबाई म्हणाल्या. मोबाइल हे सगळं टिपत होता.

मग बटण दाबलं. यंत्र गुणगुणलं, थरथरलं, आणि पोळी बाहेर आली. इतकी गोल, की सुमेधाबाईंनी चष्मा लावून पाहिली. बाळाजीरावांनी ती उजेडाकडे धरली आणि त्यांना एकही त्रुटी सापडली नाही. पहिली पोळी रिवाजाप्रमाणे गाईसाठी बाजूला काढली. दुसरी पोळी अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. आतून खर्रर्र आवाज झाला, करपल्याचा वास सुटला, लाल दिवा लागला आणि यंत्र गप्प झालं. ते आजतागायत गप्प आहे. त्या यंत्राने आयुष्यात केलेली एकुलती एक पूर्ण पोळी गाईने खाल्ली. तीही फार खुशीने नाही, असं बाळाजीरावांचं म्हणणं आहे.

बाळाजीराव तरीही शांत होते. वॉरंटी होती, लेखी होती, सलग व्हिडिओ होता. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर त्यांनी कंपनीच्या मदतखिडकीवर तक्रार नोंदवली. पलीकडे एमा नावाची मुलगी होती. काय तिचं वळण! "आपली अडचण मला पूर्ण समजते," असं ती प्रत्येक वाक्याला म्हणायची. बाळाजीरावांनी तिला रविराजकरवी सगळं सांगितलं. सुमेधाबाईंचा खांदा, नवसाबाई, दिलेला शब्द. एमा म्हणाली, "आपल्या कुटुंबाला शुभेच्छा. यंत्र बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का?"

"घरंदाज मुलगी आहे," बाळाजीराव म्हणाले. "लग्न झालंय का विचार."

"काका, ती मुलगी नाही. प्रोग्रॅम आहे. मशिन."

बाळाजीरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे मशिनची तक्रार मी मशिनकडेच करतोय?" ते म्हणाले. "आणि मी तिला आपल्या घरातलं सगळं सांगितलं?"

व्हिडिओ पाठवला आणि मग खऱ्या माणसाचं उत्तर आलं. रविराजने ते मराठीत करून वाचलं. वाचताना त्याचा आवाज बारीक बारीक होत गेला.

"आपल्या व्हिडिओचं आम्ही बारकाईने परीक्षण केलं. यंत्राच्या दर्शनी भागावर ओला लाल पदार्थ फासण्यात आला. त्यावर पिवळी व लाल भुकटी टाकण्यात आली आणि लहान, कठीण कणांचा मारा करण्यात आला. उघड्या ज्योतीच्या फेऱ्या यंत्राभोवती वारंवार मारण्यात आल्या. त्यानंतर एका पुरुषाने दगडाने एक अज्ञात कठीण वस्तू फोडली व तिच्यातील द्रव यंत्रावर उडाला. सबब रसायन, आघात, आग आणि द्रव या चारही कलमांखाली आपला दावा अमान्य करण्यात येत आहे. हे चालू असताना उपस्थित व्यक्ती टाळ्या वाजवून मोठ्याने गात होत्या, त्याचं कारण आम्हाला समजू शकलं नाही."

"एका पुरुषाने!" बाळाजीराव उभे राहिले. "एका पुरुषाने म्हणजे मी? आणि अज्ञात वस्तू? नारळाला अज्ञात म्हणतात? घे लिहून!"

ज्या माणसाने हयातभर लोकांचे अर्ज परत केले, त्याचा अर्ज परत आला होता. त्यांनी परिच्छेदवार उत्तर दिलं. लाल पदार्थ हे कुंकू असून ते आमच्याकडे माणसांनाही लावतात. त्यामुळे आजवर एकही माणूस बंद पडलेला नाही. ज्योत ही निरांजनाची असून त्याच निरांजनाने आमचा फ्रिज, शेजाऱ्यांची मोटार आणि आमचे जावई यांना ओवाळण्यात आलेलं आहे. तिन्ही चालू स्थितीत आहेत. आघात नारळावर झालेला आहे, यंत्रावर नव्हे. नारळाची काही तक्रार नाही. गाण्याचं कारण आपणास समजलं नाही, हा यंत्राचा दोष होऊ शकत नाही. तरी फेरविचार व्हावा.

कंपनीने फेरविचार केला. यंत्रातून निघालेल्या पोळीचा फोटो पाठवा, म्हणजे बिघाड कोणता ते कळेल, असं तिने कळवलं. बाळाजीरावांनी खरं ते लिहिलं, की पूर्ण झालेली पोळी गाईने खाल्ल्यामुळे सादर करता येत नाही. यावर उलट टपाली उत्तर आलं : जनावरांचं खाद्य तयार करणं हे घरगुती वापरात बसत नसल्याने पाचव्या कलमाखालीही दावा अमान्य.

रविराज हसला आणि मग बाळाजीरावांचं तोंड बघून त्याने खोकल्याचं निमित्त केलं. ते म्हणाले, "हस, हस. पण मी सोडणार नाही. कार्डाचा तंटा लाव, ग्राहकांच्या तिथल्या संस्थेला लिही, सायलीला परत तिकडे पाठव." सायलीने या वेळी परीक्षा आहे असं कळवलं. बँकेने अर्ज घेतला आणि कंपनीचं म्हणणं मागवलं. कंपनीने बँकेला व्हिडिओ पाठवला. बँकेच्या कुणीतरी फोन करून फार आदराने विचारलं, "सर, आरती छान म्हटलीत. पण ते नारळाचं पाणी खरंच आत गेलं का हो?"

या सगळ्या लढाईत पोळ्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच. शब्द दिल्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या येत होत्या. बाळाजीरावांनी शपथ घेतल्यासारखं त्यांना नावं ठेवली नाहीत. अर्धी पोळी ताटात टाकून उठायचे, एवढंच. मग हळूहळू त्या पोळ्या सुधारायला लागल्या. पदर सुटायला लागले. दोन पोळ्या तर अगदी घरच्यासारख्या असायच्या, आणि त्या नेमक्या बाळाजीरावांच्या ताटात यायच्या. "केंद्रवाल्याला माझं पत्र लागू पडलं बघ," ते म्हणाले. त्यांनी केंद्रवाल्यालाही पत्र लिहिलं होतं.

एक दिवस ते ट्रॅकवरून लवकर परतले. पाय मुरगळला होता. दार लोटलेलं होतं. आत गेले तर सुमेधाबाई दोन पोळ्या डब्यात घालत होत्या. बांगड्यांना पीठ लागलं होतं, चेहरा पांढराफटक पडला होता आणि उजवा हात लोंबत होता.

"केंद्राच्या तुमच्या घशाखाली उतरत नाहीत," त्या म्हणाल्या. "दोनच तर करते."

बाळाजीराव लंगडत बाहेर गेले आणि झोपाळ्यावर बसले. आपण हॉलंडशी भांडत बसलो आणि ही घरात चोरून लाटत बसली. दिलेला शब्द असा पाळला आपण, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी रविराज उड्या मारत खाली आला. कंपनीने माघार घेतली होती! सद्भावना म्हणून नवं यंत्र फुकट पाठवायला ती तयार झाली होती. फक्त सोबतच्या कागदावर सही करून पाठवायची : "यंत्राची अयोग्य हाताळणी करून मीच ते बिघडवलं. माझी तक्रार खरी नव्हती."

"काका, टाका करून. कोण बघतंय?" रविराज म्हणाला.

बाळाजीरावांनी चष्मा लावला. खोट्या वाक्याखाली त्यांनी कधी सही केली नव्हती, साहेबाने दम दिला तेव्हाही नाही. तरी त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," सुमेधाबाई म्हणाल्या. "मला मराठीत सांगा, काय लिहिलंय?"

रविराजने सांगितलं.

"अयोग्य हाताळणी म्हणजे कुठली?"

"म्हणजे... पूजा, काकू."

सुमेधाबाईंचा आवाज या घरात सहसा चढत नसे. तो चढला. "पूजा मी केलीय. घरात आलेल्या वस्तूला हात जोडले, ओवाळलं, तर ती अयोग्य हाताळणी? आणि तुम्ही लिहून देणार, की आम्ही मुद्दाम बिघडवलं आणि खोटं बोललो? नाही करायची सही!"

"अगं, पण तुझा खांदा..."

"खांदा माझा आहे. त्याच्या नावावर खोटं नको मला."

"मग करू काय मी?" बाळाजीराव ओरडलेच. "मला बघवत नाही गं तुझा तो हात. अजिबात बघवत नाही."

रविराज छताकडे बघत होता.

"बघवत नाही, तर बघत कशाला बसलात?" सुमेधाबाई म्हणाल्या. पण आता आवाज उतरला होता. "या इकडे. बाह्या वर करा."

बाळाजीरावांनी तो कागद रविराजच्या हातात परत दिला. "लिही," ते म्हणाले. "आपल्या यंत्राचा आम्ही मान केला, त्याला गैरवापर म्हणत नाहीत. तक्रार खरी होती, खरी आहे आणि खरीच राहील. सही होणार नाही. नवं यंत्र आपल्यापाशीच ठेवा. आणि मोठ्या अक्षरात लिही, की पुन्हा काही आणलं तर पुन्हा पूजा करू. नारळसुद्धा फोडू."

मग ते ओट्याशी गेले. कणीक पहिल्यांदा पातळ झाली, म्हणून पीठ घातलं. मग घट्ट झाली, म्हणून पाणी घातलं. असं करता करता सगळ्या कॉलनीला पुरेल एवढा गोळा तयार झाला. कणीक भुवयांपर्यंत पोचली. पोळपाट ओट्यावर फिरत राहिला, पोळी पोळपाटाला चिकटून राहिली. ती सोडवली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले. ते त्यांनी दाबून परत जोडले. तव्यावर ती एका बाजूला करपली आणि दुसऱ्या बाजूला कच्ची राहिली. सुमेधाबाई खुर्चीत खांद्याला शेकाची पिशवी लावून बसल्या होत्या. उठल्या नाहीत, की काही सांगितलं नाही.

बाळाजीरावांनी ती पोळी त्यांच्या ताटात वाढली आणि लाटणं हातात धरून ते समोर उभे राहिले. कपाळावरून घाम वाहत होता. काय ऐकावं लागेल, याचा त्यांना पुरता अंदाज होता, आणि ते ऐकायचं असं त्यांनी ठरवलंही होतं.

सुमेधाबाईंनी डाव्या हाताने घास मोडला. मोडायला जरा जोर लागला. तो भाजीला लावून त्यांनी तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. मग पुढचा मोडला. मग त्याच्या पुढचा. बघता बघता करपलेल्या कडेसकट सगळी पोळी संपली. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि ताट पुढे सरकवलं.

"दुसरी वाढा," त्या म्हणाल्या.